मिळाला असल्यास कळवा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, वेबसाइटींची देखभाल करतात. वेबसाइट बनवणं वेगळं आणि ती सांभाळणं वेगळं, हे ते भेटेल त्याला सांगतात, आणि भेटेल तो मान हलवून विसरून जातो. घर बांधणारा मिस्त्री लोकांना कळतो. पण बांधून झालेल्या घरात दर महिन्याला येऊन कुठे ओल आली, कुठली कडी सैल झाली, कुठे वाळवी लागली हे बघणारा माणूस कशाला हवा, असंच सगळ्यांना वाटतं. भाऊजी तो माणूस आहेत. मी त्यांना तोंडावर 'डागडुजी' म्हणायचे. मेव्हणीला एवढा हक्क असतो. "काय डागडुजी, आज किती ठिगळं लावली?" म्हटलं की ते गालात हसायचे आणि खरंच आकडा सांगायचे.

आता म्हणत नाही. आता मी त्यांना काहीच म्हणत नाही, आणि ते का, हे एकदा नीट सांगून टाकायचं आहे. ताई म्हणते, झालं गेलं, सोडून दे. तिचं बरोबर आहे, तिला त्यांच्याबरोबर संसार करायचाय. मला आईबरोबर राहायचंय. माझ्या आईचा डावा डोळा गेला आहे, आणि तो रोज दोन वेळा माझ्यासमोर जेवायला बसतो.

भाऊजींचं ऑफिस म्हणजे एका लाँड्रीच्या वरची खोली. लाकडी जिना, त्याची नववी पायरी हलायची. वर दोन टेबलं, तीन कॉम्प्युटर, एक लोखंडी कपाट, आणि खालून दिवसभर येणारा वाफेचा आणि गरम कापडाचा वास. दारावर पाटी होती, 'वेबसाइट देखभाल सेवा'. लाँड्रीवाला म्हणायचा, "मी मळलेलं धुतो, तुम्ही न मळलेलंच धुताय." ते भाऊजींना फार आवडायचं. गिऱ्हाइकांना तेच समजावून सांगायला त्यांना अर्धा तास लागायचा, आणि तरी समजायचं नाही.

मी ज्या कागदाच्या दुकानात टायपिंग करत होते ते बंद पडलं, तेव्हा भाऊजी आपणहून म्हणाले, "माझ्याकडे ये. फोन घे, महिन्याचे अहवाल टाइप कर." उपकार केल्याचा आव नव्हता. सहा वर्षं मी तिथं काम केलं आणि सहा वर्षांत त्यांनी एकदाही माझ्यावर आवाज चढवला नाही. हे सांगायला हवं, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच काही बोलणार आहे.

एकतीस गिऱ्हाइकं होती. दातांचा दवाखाना, ड्रायव्हिंग स्कूल, दोन शाळा, एक फर्निचरवाला, एक वकील, ज्यांच्या वेबसाइटवरचा एक शब्द नऊ वर्षांत बदलला नव्हता, त्यांचा फोटोसुद्धा, त्यामुळे नवे अशील त्यांना ओळखायचे नाहीत. आणि सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे डोळ्यांचं धर्मादाय हॉस्पिटल. भाऊजी दर सोमवारी प्रत्येक वेबसाइटची नक्कल काढून ठेवायचे. नुसती काढून ठेवायचे नाहीत. तिसऱ्या कॉम्प्युटरवर ती उघडायचे आणि पान न् पान चालवून बघायचे. "उघडून न बघितलेली नक्कल ही नक्कल नव्हेच," असं म्हणायचे. एकतीस वेबसाइटी उघडून बघायला अख्खा दिवस जायचा. मी म्हणायचे, बाकीचे लोक हे करत नाहीत. ते म्हणायचे, "बाकीच्यांना झोप कशी लागते ते त्यांनाच ठाऊक."

पण त्यांची खरी खोड वेगळीच होती. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी अकरा वाजता, ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वेबसाइटवर जाऊन तिथला 'आमच्याशी संपर्क साधा' हा फॉर्म स्वतः भरायचे. नावाच्या जागी 'चाचणी' आणि खाली मजकूर: 'हा चाचणी निरोप आहे. मिळाला असल्यास कृपया कळवा.' फॉर्म भरला की तो निरोप ईमेलनं गिऱ्हाइकाकडे जायचा. गिऱ्हाइकाच्या माणसानं तो बघून उत्तरादाखल एक शब्द लिहायचा, बस्स. म्हणजे कळलं की इकडून घातलेलं तिकडे पोचतंय. कपाटाच्या दारावर आतून एक तक्ता चिकटवलेला होता, एकतीस ओळी, बारा रकाने. ज्याचं उत्तर आलं त्याच्यापुढे निळी खूण.

उत्तर यायचं तीन-चार ठिकाणांहून. बाकीच्यांना भाऊजी फोन करायचे, "निरोप बघितला का?" मग तिकडून, "कसला निरोप?", "हो हो, बघतो", "तुम्हीच बघा ना, त्याचेच तर पैसे घेता". एकदा ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं 'चाचणी' नावाच्या गृहस्थाला तीन महिने शिकवणीची आठवण करून देणारे मेसेज पाठवले. मी पोट धरून हसले. भाऊजींना मात्र त्याचं कौतुक वाटलं, निदान त्यानं वाचलं तरी म्हणून.

आणि एक जण होती जिचं उत्तर कधी चुकायचं नाही. हॉस्पिटलच्या चौकशीच्या काउंटरवर एक बाई होत्या, तिथली ईमेलची पेटी त्या बघायच्या. भाऊजींनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण पहिल्या महिन्यापासून त्यांचं उत्तर यायचं. 'मिळाला. धन्यवाद.' 'मिळाला, पण आज फार गर्दी आहे म्हणून उशीर झाला.' 'मिळाला. तुम्हाला कंटाळा नाही का येत हो?' या शेवटच्या उत्तरावर भाऊजी दोन दिवस खुशीत होते. मी चिडवायचे, "ताईला सांगू का, एक तारखेची वाट कशी बघता ते?" त्यांचे कान लाल व्हायचे. तसलं काही नव्हतं, हे मलाही माहीत होतं. एकतीस घरांची दारं वाजवणाऱ्या माणसाला एका घरातून ओ यायची, एवढंच होतं.

तीन वर्षं असं चाललं. मग उत्तर आखडलं. नुसतं 'मिळाला.' धन्यवाद नाही, गर्दी नाही, काही नाही. भाऊजी म्हणाले, "घरी काहीतरी झालं असेल बिचारीच्या." मी म्हटलं, "कंटाळल्या असतील तुम्हाला." पण उत्तर येत होतं, आणि आता ते पटकन येत होतं. पूर्वी दुपार व्हायची, कधी संध्याकाळ. आता अकराला फॉर्म भरला की अकरा वाजून एक मिनिटाला 'मिळाला'. भाऊजी घड्याळ दाखवून म्हणायचे, "बघ, वेळ पाठ झालीय बाईंना. वाटच बघत असतात." एकदा एक तारीख रविवारी आली. ते त्या दिवशीही घरून चाचणी करायचे. ताईकडे आम्ही जेवायला गेलो होतो. उत्तर आलं तसं त्यांनी मोबाइल सगळ्यांपुढे धरला. "सुट्टीच्या दिवशीसुद्धा. याला म्हणतात माणूस."

आईनं मोबाइलकडे बघून मान डोलावली. तिला जावयाचं कौतुक फार.

आणि मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन अहवाल टाइप केला: 'संपर्क फॉर्म व्यवस्थित चालू. हॉस्पिटलकडून उत्तर प्राप्त.' तसे चोवीस अहवाल मी टाइप केले आहेत. खाली भाऊजींची सही, पण बोटं माझी होती. हे मी स्वतःला सोडून कोणाला सांगितलं नव्हतं, आता सांगून टाकते.

आईला काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढत जातो, दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेकडेनं चोरीला जाते आणि गेलेली परत येत नाही. आमच्या गल्लीच्या टोकाचे डॉक्टर थेंब देत होते. मग एके दिवशी ते म्हणाले, "थेंबांना आता दाद देत नाहीये. ऑपरेशन करून घ्या, आणि लवकर करा. धर्मादाय हॉस्पिटलातले सर्जन या कामात सगळ्यांत चांगले." मी लगेच हॉस्पिटलला फोन केला. तिथून उत्तर आलं, "नवीन नावं फोनवर घेत नाही. वेबसाइटवर फॉर्म भरा, आम्ही बोलावतो."

मी म्हटलं, मी उद्याच जाऊन उभी राहते. भाऊजी म्हणाले, "जायचं कशाला? तो फॉर्म माझ्या हातातला आहे. दर महिन्याला मी स्वतः तपासतो. पलीकडे माणूस आहे, वाचणारा." त्यांनी माझ्यासमोर फॉर्म भरला. आईचं नाव, वय चौऱ्याहत्तर, डॉक्टरांनी लिहून दिलेला डोळ्याचा दाब, माझा ईमेल. एका मिनिटात मला उत्तर आलं. 'मिळाला.'

"झालं," भाऊजी म्हणाले. "आता यादीत नाव लागलं."

तीन आठवडे गेले. फोन नाही. मी म्हटलं, तुमची ओळख आहे ना, विचारा की. त्यावर त्यांचं जे उत्तर आलं ते मला अजून शब्दनशब्द पाठ आहे. "ओळख लावली तर आपण दोन पायऱ्या वर चढू आणि कोणीतरी दोन पायऱ्या खाली जाईल. त्याचीही आई असेल." असं बोलणाऱ्या माणसापुढे काय बोलणार? मला त्या वेळी त्यांचा अभिमान वाटला. त्या अभिमानाची आता किळस येते. सहाव्या आठवड्यात पुन्हा फॉर्म भरला, 'कृपया लवकर बोलवा' असं लिहून. एका मिनिटात 'मिळाला'. गल्लीतले डॉक्टर विचारायचे, "बोलावलं का?" मी म्हणायचे, "यादीत नाव आहे." ते म्हणायचे, "मागे लागा." मी घरी येऊन सांगायचे, आणि भाऊजी म्हणायचे, "अगं, उत्तर आलंय ना?"

अकराव्या आठवड्यात आईनं डाव्या हाताशी ठेवलेला पाण्याचा तांब्या पाडला. दुसऱ्या दिवशी परत पाडला. मी तिचा उजवा डोळा तळहातानं झाकला आणि विचारलं, "माझी किती बोटं?" ती हसली आणि म्हणाली, "हात तर दाखव आधी." हात तिच्या नाकासमोर होता.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"झाले की महिना-दीड महिना."

"आणि सांगितलं नाहीस?"

"अगं, जावयांनी नाव घातलंय," आई म्हणाली. "सारखं काय टोचायचं त्यांना? त्यांना वाटेल विश्वास नाही आमचा."

डोक्यात तिडीक गेली. मी तिला तशीच रिक्षात घातली आणि हॉस्पिटलला गेले. चौकशीच्या काउंटरवर दोन मुली होत्या. मी आईचं नाव सांगितलं, तारीख सांगितली, मोबाइलवरचं 'मिळाला' दाखवलं. एकीनं ते वाचलं आणि दुसरीला दाखवलं. "हे कोणी पाठवलंय?" ती मलाच विचारत होती. मी म्हटलं, "तुम्ही." ती म्हणाली, "आमच्याकडे ईमेल कोणी बघत नाही. पूर्वी एक बाई बघायच्या, त्या नोकरी सोडून दोन वर्षं झाली." मी विचारलं, "मग फोनवर सगळ्यांना वेबसाइटवर फॉर्म भरा असं का सांगता?" तिनं काउंटरला चिकटवलेला कागद दाखवला. त्यावर तसं लिहिलेलं होतं.

त्या दिवशी मात्र आईला तपासलं, रडल्या-भांडल्यावर. सर्जन चांगला माणूस होता. त्यानं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात केलं. डाव्याबद्दल म्हणाला, "दोन महिने आधी आला असता तर."

तपासणीच्या दिवशी आईला घरी सोडून मी थेट ऑफिसात गेले होते. भाऊजी सोमवारची नक्कल तपासत होते. मी सांगत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही. कपाट उघडलं, तक्त्याकडे बघितलं, हॉस्पिटलच्या ओळीत निळ्या खुणांची अखंड रांग होती. मग फोन करून, इथं तिथं विचारून, त्यांनी त्या बाईंचा नंबर मिळवला. मी म्हटलं, आवाज मोठा ठेवा, मलाही ऐकू दे.

"अय्या, तुम्ही ते चाचणीवाले का?" बाईंचा आवाज अगदी मोकळा होता, जुनी ओळख निघाल्यासारखा. "मी आता लेकीकडे असते. अजून जातंय ना हो उत्तर?"

"हो," भाऊजी म्हणाले. "कसं जातंय ते विचारायचं होतं."

"मी सोय करून आले होते. निघताना मनात आलं, हा माणूस दर महिन्याला वाट बघतो. माझ्यामागे कोण देणार त्याला उत्तर? मग आमच्या ऑफिसातल्या एकाकडून शिकून घेतलं आणि लावून ठेवलं, की तुमचा निरोप आला की आपोआप 'मिळाला' जाईल. बरोबर लागलंय ना?"

भाऊजींनी डोळे मिटले. एवढं ऐकून त्यांना सगळं कळलं होतं, मला नंतर समजावून सांगावं लागलं. वेबसाइटवरून कोणीही फॉर्म भरला, तरी हॉस्पिटलकडे ते ईमेल एकाच पत्त्यावरून जायचं, वेबसाइटच्या. चाचणीचा निरोप आणि माझ्या आईचा निरोप, पाकीट एकच; उत्तर मात्र फॉर्ममध्ये ज्याचा ईमेल लिहिला असेल त्याला जायचं. बाईंनी एकट्या भाऊजींसाठी केलेली सोय दोन वर्षं येणाऱ्या प्रत्येकाला लागू झाली होती. ज्यानं ज्यानं डोळ्यासाठी त्या दारावर हाक मारली, त्याला त्याला एका मिनिटात ओ मिळाली, आणि तो निर्धास्त होऊन घरी बसला.

"बरोबर लागलंय," भाऊजी म्हणाले. "आभारी आहे." आणि त्यांनी फोन ठेवला.

"तिला सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"तिनं चांगल्या मनानं केलं."

"मग आईचा डोळा काय वाईट मनानं गेला?"

मला त्या क्षणी त्यांच्या टेबलावरचं सगळं जिन्यावरून खाली फेकावंसं वाटलं. दर सोमवारी एकतीस नकला उघडून बघणारा माणूस. वेबसाइटवर एक स्वल्पविराम हलला तरी ज्याच्या लक्षात येतं तो माणूस. रविवारीसुद्धा, हॉस्पिटलच्या बंद काउंटरवरून, एका मिनिटात, चोवीस वेळा तोच तो शब्द येतो आणि याला वाटतं बाई माझी वाट बघतेय. हे दुसऱ्या कोणाच्या वेबसाइटवर झालं असतं तर त्यांनी पाच मिनिटांत ओळखलं असतं. इथं ओळखलं नाही, कारण ओळखायचं नव्हतं.

दोन दिवसांनी आम्ही हॉस्पिटलच्या प्रशासकांकडे गेलो. मोठं टेबल, त्यावर काच, काचेखाली सुट्ट्यांची यादी. त्यांनी आधी आईची चौकशी केली, वाईट वाटतं म्हणाले, चहा मागवला. मग खणातून एक जाड फाइल काढली. आमचे अहवाल होते. कोणी वाचत नाही असं आम्हाला इतकी वर्षं वाटत होतं, पण भोकं पाडून तारीखवार लावलेले होते.

"प्रत्येक महिन्याचा आहे," ते म्हणाले. "'संपर्क फॉर्म व्यवस्थित चालू. उत्तर प्राप्त.' खाली तुमची सही. आम्ही तुमच्यावरच विसंबून होतो."

भाऊजी म्हणाले, "तुमच्याकडे पेटी बघायला माणूस नेमायचा होता."

"नेमला नाही असं तुम्ही कधी लिहिलं नाहीत."

टाइप करणारीही शेजारीच बसली होती. प्रशासकांनी मग मऊ आवाजात सांगितलं, की त्यांची कसलीही तक्रार नाही, देखभालीचा करार पुढच्या वर्षीही भाऊजींकडेच राहील. फक्त तो फॉर्म काढून टाकायचा, आणि ती ईमेलची पेटी रिकामी करायची. "जुनं उकरून काढण्यात अर्थ नाही. जाहिरात होते उगाच."

पेटीत अकराशे बेचाळीस न वाचलेले निरोप होते.

भाऊजींनी फॉर्म काढला. पेटी रिकामी केली नाही. ते ऑफिसात बसून निरोप पहिल्यापासून वाचायला लागले, आणि ज्यानं नंबर लिहिला असेल त्याला फोन करायला लागले. ताईनं मला सांगितलं. मी तोवर कामावर जाणं बंद केलं होतं. "तू मदतीला जा ना," ताई म्हणाली. "एकटे करतायत." मी म्हटलं, मी माझ्या वाटणीचं टाइप केलंय.

ऑफिसची किल्ली माझ्याकडे राहिली होती, ती द्यायला एकदा दुपारी गेले. नववी पायरी हलली तसं त्यांनी वर बघितलं, पण ते फोनवर होते. समोर छापलेल्या कागदांचा गठ्ठा, प्रत्येक नावापुढे निळ्या शाईत काहीतरी लिहिलेलं. 'दुसरीकडे ऑपरेशन झालं.' 'नंबर बंद.' 'वारले.' 'शिव्या दिल्या.' 'नंबर बंद.' ते बोलत होते, "हो, मागच्या वर्षीचा तुमचा निरोप. वडिलांसाठी होता ना?... हो, उत्तर आलं होतं, मला माहीत आहे... नाही, म्हणजे ते कोणी वाचलं नव्हतं... नाही, कोणीच नाही." पलीकडची बाई एवढ्या मोठ्यानं बोलत होती की मलाही ऐकू आलं. ती चिडली नव्हती. ती म्हणत होती, "पण आम्ही तर अजून थांबलोय. मिळाला म्हणून कळवलं होतं ना तुम्ही."

मी किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून आले. दया आली नाही असं म्हणणार नाही. पण दया आली म्हणून राग गेला नाही, दोन्ही घेऊन जिना उतरले. हे असं एकेका माणसाला फोन करून विचारणं, ते दोन वर्षांपूर्वी, निदान अकरा आठवड्यांपूर्वी एकदा केलं असतं तर. एक फोन. 'बाई, तुम्हीच आहात ना?' एवढाच.

फोन केलेल्यांतले काही जण हॉस्पिटलच्या दारात जाऊन उभे राहिले, आणि आम्हाला कोणी सांगितलं ते सांगू लागले. महिन्याभरात भाऊजींचा करार गेला. परस्पर रुग्णांची माहिती वापरली, असं कारण दिलं. ते खोटं नव्हतं. मग दोन्ही शाळा गेल्या, दातांचा दवाखाना गेला. कोणीतरी कोणाला तरी सांगितलं असेल, की हा माणूस गिऱ्हाइकाचं घर उन्हात बांधतो. आता अकरा-बारा गिऱ्हाइकं उरलीत म्हणे. ड्रायव्हिंग स्कूलवाला अजून आहे.

आई त्यांना अजून 'जावई' म्हणूनच हाक मारते. ताईबरोबर ते आले की त्यांना उजव्या बाजूला बसवते, म्हणजे ती त्यांना बघू शकते. ते तिच्याशी बोलताना जमिनीकडे बघतात. मी आत कामात असते. त्यांनी मला फोन केले, मी घेतले नाहीत.

मागच्या आठवड्यात त्यांचं ईमेल आलं. लांबलचक. त्यांनी आयुष्यात एवढं काही लिहिलं नसेल. सबबी नव्हत्या. लिहिलं होतं, 'रविवारी उत्तर आलं त्याच दिवशी मला कळायला हवं होतं. मला वाटतं, कळलंही होतं. पण मग तो तक्ता सगळा कोरा झाला असता. आईंनी त्या दिवशी मोबाइलकडे बघून मान हलवली, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तू माफ करावंस म्हणून लिहीत नाही. तुझ्या हातानं टाइप करून घेतलं, त्याची लाज वाटते, एवढं तुला ठाऊक असावं म्हणून लिहितो.' आणि सगळ्यात खाली, सवयीनं, हात आपोआप गेला असणार, 'मिळाला असल्यास कळव.'

मी ते दोनदा वाचलं. लिहायला खूप होतं. आईला आता सुईत दोरा ओवता येत नाही, रस्ता ओलांडताना ती डावीकडून येणाऱ्या गाडीला बघत नाही, माझा दंड धरते आणि धरलाय हे दाखवत नाही, हे सगळं लिहिता आलं असतं. मीही ते अहवाल टाइप करताना दोन वर्षं डोळेझाक केली, हेही लिहिता आलं असतं. मी लिहिलं, 'मिळाला.' आणि पाठवून दिलं.

फोन लगेच वाजला. या वेळी मी घेतला. पलीकडे खालच्या लाँड्रीत वाफ सुटल्याचा आवाज येत होता.

"एवढंच विचारायचं होतं," भाऊजी म्हणाले. "हे तूच लिहिलंस ना?"

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. आईच्या थेंबांची वेळ झाली होती.